पावसाआधी चुलीचं धुराडं घरच्या घरी साफ करताना

धुराडं असलेल्या निर्धूर चुलीचा धूर स्वयंपाकघरात मागे यायला लागला की पहिला राग चुलीवर निघतो. “निर्धूर म्हणे, आणि सगळा धूर डोळ्यांतच” असं म्हणत माणसं पाइप उपटतात, कौलातलं भोक पत्र्याने बुजवतात आणि परत साध्या मातीच्या चुलीवर येतात. आमच्या राजापूर तालुक्यात अशी किती घरं मी पाहिली. चूल अगदी धडधाकट असायची, कोंदलेलं असायचं ते धुराडं. चूल बसवणारा गवंडी आपलं काम करून जातो, पण ती साफ कशी करायची हे घरातल्या बाईला सांगायला कुणी थांबत नाही. म्हणून मी करते ते सगळं इथे सविस्तर लिहिते आहे.

एस्तेर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना या अर्थतज्ज्ञांनी ओडिशातल्या खेड्यांत धुराडं असलेल्या सुधारित चुलींचा काही वर्षं अभ्यास केला होता. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढे तो फरक उरला नाही, कारण चुलींची निगा राहिली नाही आणि हळूहळू वापरही सुटला. मला हे वाचून जराही नवल वाटलं नाही. घरात गॅस आला तरी आंघोळीचं पाणी, भात उकडणं, गणपतीत मुंबईहून आलेल्या माणसांचं जेवण हे सगळं आमच्याकडे अजून चुलीवरच होतं. म्हणजे चूल राहणार आहे. मग धुराडंही चालतं ठेवायला हवं.

आधी धूर कुठून कुठे जातो ते बघा. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने ज्या ‘लक्ष्मी’ चुलीचा प्रसार केला, तिच्यासारखी दोन भोकांची चूल असेल तर जाळ पुढच्या भोकाखाली असतो. तिथून धूर आणि आच आतल्या वाटेने मागच्या वैलाखाली, म्हणजे दुसऱ्या भोकाखाली, जाते आणि वैलाच्या मागून पाइपात चढते. काजळी सगळीकडे सारखी साठत नाही. ती तीन जागी धरते. एक, वैलाच्या खाली, जिथे वाट अरुंद होते. दोन, पाइपच्या बुडाशी, वरून झडलेली काजळी खाली येऊन बसते तिथे. आणि तीन, कौलाच्या वरचा उघडा तुकडा. तो बाहेरच्या हवेने गार असतो, म्हणून धुरातली वाफ आणि डांबरी अंश तिथेच थिजतात. बहुतेक जण फक्त खालून हात घालतात आणि झालं म्हणतात. मुख्य बूच वर, पाइपच्या टोकावरच्या टोपीपाशी असतं.

काजळीचा थर किती आहे याला फार महत्त्व आहे. चार इंची पाइपात चारी बाजूंनी अर्धा इंच काजळी धरली तर मधे तीन इंचांची वाट उरते. एक इंचच तर गेला, असं वाटतं. पण क्षेत्रफळ काढून बघा, सोळातले नऊ हिस्से उरतात, म्हणजे जवळजवळ निम्मी वाट बंद. मग धूर तुमच्या तोंडावर येणार नाही तर कुठे जाणार?

काजळीही एकाच जातीची नसते. बोट लावलं की काळ्या भुकटीसारखी सुटते ती कोरडी काजळी, तिला काथ्याचा बोळाही पुरतो. दुसरी खवल्यांची, नखाने उचकटली की कुरकुरत सुटते. तिला तारेचा ब्रश लागतो. तिसरी चकचकीत, पाइपला डांबर फासल्यासारखी बसलेली. तिच्यावर नख ओढलं तर नुसता चरा उमटतो, खाली काही पडत नाही. तुकडा निघालाच तर कडेला काचेसारखी चमक दिसते आणि वास थेट डांबराचा येतो. हा थर ओल्या लाकडाने आणि कोंडलेल्या, धुमसणाऱ्या जाळाने होतो. तो पेट घेतो, आणि घासून निघत नाही. पत्र्याच्या पाइपात असा थर दिसला तर मी पाइपचा तो तुकडाच बदलते. त्यावर तासन्‌तास घासत बसू नका, पत्र्याला भोक पडेल.

साफ कधी करायचं? चूल रोज पेटत असेल तर वैलाखालची वाट दर महिन्याला, पाइप दर तीन महिन्यांनी. आमच्याकडे मोठी सफाई मे महिन्यात होते. घर शाकारायला माणूस कौलावर चढलेलाच असतो, त्याच वेळी टोपी काढून घेतली की वेगळं चढायला नको. दुसरी गणपतीच्या आधी, ती मात्र आतूनच, कारण श्रावणात शेवाळलेल्या कौलावर पाय ठेवायचा नाही. तिसरी दिवाळीनंतर. पण दिनदर्शिकेपेक्षा चूल काय सांगते ते बघा. जाळ आळसावला, फुंकणी सारखी हातात घ्यावी लागते, चुलीच्या तोंडावरची भिंत नव्याने काळी पडते, पाइपच्या सांध्यातून तपकिरी ओघळ येतो, यातलं काहीही दिसलं तर तारखेची वाट बघू नका.

सामान फारसं लागत नाही. चिव्याची, म्हणजे बांबूची, एक लांब सरळ काठी, काथ्याचा घट्ट बोळा, पाइपच्या मापाचा तारेचा गोल ब्रश (हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, पाइपचं आतलं माप घेऊन जा, ब्रश आत थोडा दाबून बसला पाहिजे), मजबूत सुंभ किंवा नायलॉनची दोरी, जुना कालथा, दोन गोणपाटं, पत्र्याची बादली, एक छोटा आरसा, विजेरी. अंगावर जुनी पूर्ण बाह्यांची कपडे, डोक्याला फडका, डोळ्यांना चष्मा. तोंडाला नुसता पदर बांधून भागत नाही, काजळी त्यातून आत जाते. एन-95 मास्क घ्या. दम्याचं माणूस आणि लहान मुलं त्या दिवशी दुसऱ्या खोलीत.

पाइप कशाचा आहे हे इथेच ठरवून टाका, कारण पुढची सगळी रीत त्यावर आहे. पत्र्याचा असेल तर ठीक. पण जुन्या चुलींवर करड्या रंगाचे सिमेंटचे पाइप असतात, आणि ते बहुतेक वेळा अॅसबेस्टॉसचे असतात. फुटलेल्या कडेला बारीक पांढुरके तंतू दिसतात. त्याचे तंतू श्वासातून गेले तर फुप्फुसांचे आजार आणि कॅन्सर होऊ शकतो, आणि हे कळायला कितीतरी वर्षं जातात. अशा पाइपाला कोरडं घासायचं नाही, तारेचा ब्रश लावायचा नाही, करवत किंवा ड्रिल तर मुळीच नाही. आधी फवाऱ्याने आतून भिजवा, मग ओल्या फडक्याचा बोळा दोरीने हळू ओढा, निघालेला रेंदा ओला असतानाच पिशवीत बांधा. एवढं करूनही माझं मत विचाराल तर पुढच्या शाकारणीला तो पाइप अखंड उतरवून पत्र्याचा बसवा. उतरवलेला पाइप फोडून अंगणात भर घालू नका. अखंड, ओला करून, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा आणि ग्रामपंचायतीत विचारून विल्हेवाट लावा.

आता प्रत्यक्ष काम. आदल्या रात्रीपासून चूल पेटवायची नाही. राख वरून गार दिसते, आत निखारा सकाळपर्यंत धगधगत असतो. राख पत्र्याच्या बादलीत काढा, प्लास्टिकच्या घमेल्यात नाही, आणि बादली सरपणापासून लांब ठेवा. चुलीभोवती गोणपाट अंथरा. फळीवरचे डबे, लोणच्याच्या बरण्या, पिण्याचं पाणी बाहेर न्या किंवा झाका. काजळी एकदा खोलीत उडाली की दोन दिवस बसत राहते. पंखा बंद, खिडकी उघडी.

पहिला हात वैलाखाली. दोन्ही भोकांतून कालथ्याने वाट खरवडा आणि काजळी पुढे ओढून घ्या. मागे ढकलू नका, ती पाइपच्या बुडाशी जाऊन बसते. मग पाइपच्या बुडाचं तोंड उघडा. चांगल्या चुलीला वीतभर उंचीवर असं एक तोंड ठेवलेलं असतं, त्याला पत्र्याचं झाकण किंवा मातीने लिंपलेला विटेचा तुकडा असतो. तुमच्याकडे नसेल तर पुढच्या वेळी गवंड्याकडून करून घ्या, सफाईचं निम्मं काम त्याने सोपं होतं. या तोंडातून आरसा तिरका धरून वर बघा. वरच्या टोकाला आभाळाचा गोल तुकडा दिसला पाहिजे. गोल पूर्ण असेल तर फक्त काजळी काढायची आहे. अर्धवट दिसला किंवा दिसलाच नाही, तर वर घरटं आहे, किंवा टोपी कोंदली आहे. उन्हाळ्यात चूल कमी पेटली की साळुंक्या टोपीखाली काड्या भरतात. गांधीलमाश्यांचं पोळंही असू शकतं, म्हणून वर अचानक काठी खुपसू नका. आधी काठीने पाइपावर बाहेरून टकटक करा आणि थोडं थांबून बघा, काही आवाज येतो का. घरट्यात पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत चूल पेटवायची नाही, तोवर पाणी गॅसवर.

पत्र्याचा पाइप असेल तर तो जागेवर घासण्यापेक्षा उतरवून अंगणात साफ करणं मला जास्त पसंत आहे. घरात काजळी उडत नाही आणि पाइपची प्रकृतीही कळते. सांध्यांचे स्क्रू काढण्याआधी प्रत्येक सांध्यावर खडूने आडवी रेघ मारा, दोन्ही तुकड्यांवर येईल अशी. परत लावताना रेघ जुळवली की स्क्रूची भोकं आपोआप समोरासमोर येतात. तुकडा सोडवला की दोन्ही तोंडं कागदाने बंद करून मगच बाहेर न्या. अंगणात गोणपाटावर उभा धरून ब्रश वरून खाली पूर्ण लांबीभर न्या, मग परत वर. मधल्यामधे पुढेमागे केलंत तर ब्रश अडकतो. नंतर पाइप आडवा धरून उजेडाकडे बघा. पत्र्यातून सुईएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तो तुकडा संपला. खाऱ्या वाऱ्यात आणि आंबट काजळीत जस्ताचा पत्रा फार वर्षं टिकत नाही. बोटाच्या पेराने ठोकूनही कळतं, चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी बदलताना स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. पैसे जास्त जातात, पण ते वसूल होतात.

पाइप उतरत नसेल तर दोरीची रीत. याला दोन माणसं लागतात, एक कौलावर, एक चुलीपाशी. दोरीच्या एका टोकाला फडक्यात बांधलेला दगड, मधे ब्रश. वरच्याने दगड हळू खाली सोडायचा, खालच्याने बुडाच्या तोंडातून दोरी धरायची, मग आळीपाळीने ओढायचं. ओरडून बोलायचं ठरवून घ्या. आमच्याकडे माझा पुतण्या वर असतो आणि मी खाली, आणि मी “सोड” म्हटल्याशिवाय तो दोरी सैल करत नाही. खाली काजळी धप्पकन येते, म्हणून तोंडाभोवती ओलं गोणपाट दाबून धरा.

कौलावर चढण्याबद्दल थोडं कडकच सांगते. चढायच्या आधी घरात येणारी विजेची तार कुठून जाते ते बघा. ती हाताच्या किंवा काठीच्या टप्प्यात असेल तर महावितरणकडून वीज बंद करून घेतल्याशिवाय चढू नका. ओल्या कौलावर नाही, एकट्याने नाही, भर दुपारी तापलेल्या कौलावरही नाही. मंगलोरी कौलाच्या मधोमध पाय दिलात तर ते मोडतं. पाय वाशावर, रिपेच्या रेषेत पडला पाहिजे. शिडी खाली कुणीतरी धरलेली हवी. ज्यांना सवय नाही त्यांनी शाकारणाऱ्याला चार पैसे जास्त देऊन टोपी काढून घ्यावी आणि बाकीचं आत करावं. मी स्वतः हेच करते.

टोपी हातात आली की नीट बघा. तिच्या आतल्या बाजूला सगळ्यात जाड थर असतो. खरवडा, धुवा, वाळवा. जाळी लावायची असेल तर बारीक डासांची नको, ती महिन्याभरात बुजते. करंगळी जाईल एवढ्या भोकांची असली की पाखरं अडतात आणि धूर जातो. पाइपचं टोक कौलाच्या कोन्यापेक्षा, म्हणजे छपराच्या सगळ्यात वरच्या कडेपेक्षा, दोन फूट तरी वर असावं. खाली राहिलं तर वारा कोन्यावरून घसरून धूर उलटा आत दाबतो, आणि मग कितीही साफ केलंत तरी धूर येतच राहतो. शेजारी वाढलेला फणस किंवा आंबा टोपीवर झुकला असेल तर ती फांदीही आत्ताच तोडून घ्या.

परत जोडताना वरच्या पाइपचं टोक खालच्याच्या आत बसवा. मग डांबरी ओघळ आतल्या आत खाली येतो, भिंतीवर उतरत नाही. कौलाच्या वर मात्र सांधा ठेवूच नका, तिथे एकच अखंड तुकडा हवा, नाहीतर पावसाचं पाणी सांध्यातून शिरतं. पाइप कौलातून जातो तिथे तो वाशाला टेकता कामा नये, मधे मोकळी जागा आणि पत्र्याचं कोंदण हवं. माळ्यावर त्याच्या आसपास पेंढा, सुक्या झावळ्या, गोणपाटं ठेवू नका. बुडाचं तोंड बंद करा आणि चुलीच्या सगळ्या भेगा माती, शेण आणि भाताच्या तुसाच्या लिंपणाने बुजवा. टोप भोकावर फट न ठेवता बसतो का, तेही बघा. भेगेतून गार हवा आत शिरली की पाइपातली ओढ मरते.

लिंपण वाळलं की परीक्षा. दोन्ही भोकांवर टोप ठेवा आणि चुलीच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरा. धूर सरळ वर न जाता चुलीत ओढला जायला हवा. ओढत नसेल तर बुडाच्या तोंडाशी सुक्या झावळीची एक चूड पेटवून पाइप आधी गरम करा आणि पुन्हा बघा. पाऊसकाळात गार पाइपाला अशी सुरुवात रोज द्यावी लागते, त्यात काळजीचं काही नाही. तरीही ओढ नसेल तर वाट अजून कुठेतरी बंद आहे.

दोन सोपे वाटणारे उपाय सांगणारे तुम्हाला भेटतील. एक, पाइपात पेंढा पेटवून काजळी जाळून टाका. हे कधीही करू नका. काजळीचा जाळ पाइप लाल करतो, आणि वासे वर लाकडाचेच आहेत. दुसरा, जाळात मूठभर मीठ टाका. मिठाने चिकट थर निघत नाही, आणि पत्रा मात्र लवकर गंजतो.

पाइपात काजळी पेटलीच तर आतून घरघर असा मोठा आवाज येतो, टोपीतून ठिणग्या उडतात. पाइपात पाणी ओतू नका. तापलेला सिमेंटचा पाइप फुटतो आणि वाफ अंगावर येते. चुलीचं तोंड पत्र्याने झाका, दोन्ही भोकांवर टोप घट्ट ठेवा म्हणजे हवा तुटेल, घरातली माणसं बाहेर काढा, गॅस सिलिंडर बंद करून लांब न्या आणि 112 किंवा 101 ला फोन लावा. कौलांवर आणि वाशांवर बाहेरून पाणी मारायला हरकत नाही. विझल्यावर पाइप पूर्ण तपासल्याशिवाय चूल पुन्हा पेटवायची नाही.

धूर दिसला नाही तरी धोका असतो, हे पावसाळ्यात दारंखिडक्या लावून चुलीपाशी शेकत बसणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. एकाच खोलीतल्या दोघातिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं, मळमळ, गरगर झाली तर आधी सगळ्यांनी बाहेर हवेवर यावं आणि मग दवाखाना गाठावा. निखाऱ्याची शेगडी घेऊन बंद खोलीत झोपू नये.

निघालेली काजळी भांडी घासायला वापरू नका, ती तेलकट असते आणि हाताला झोंबते. खड्ड्यात टाकून वर माती ओढा. नुसती लाकडाची राख मात्र नारळाच्या आळ्यात चांगली.

आणि काजळी कमी व्हावी असं वाटत असेल तर सरपणाकडे बघा. पावसाळ्याची बेगमी मार्चमध्येच फोडून, जमिनीपासून वीतभर उंच रचून, पडवीत वाऱ्यावर ठेवावी. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणत्कार आला पाहिजे. जाळात घातल्यावर टोकातून फेस आला किंवा सुंसूं आवाज झाला तर लाकूड ओलं आहे, बाजूला काढा. ऐन, किंजळ, सुरू चांगली वाळलेली असली तर काजळी फार थोडी धरते. पेटवणीला दुधाच्या पिशव्या आणि टायरचे तुकडे घालू नका, त्यांचा धूर विषारी असतो आणि पाइपातही चिकटून बसतो. काजूची टरफलं तर चुलीपाशी आणूच नका. त्यांच्या तेलाने हाताला फोड येतात, धुराने डोळे आणि घसा जळतो, आणि पाइपात तो चकचकीत थर धरायला त्यांच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. टरफलं साठवून काजूच्या कारखान्याला द्या, तेलासाठी ती विकत घेतली जातात.